कारखानिसांचा प्रश्न

पहिल्याच भेटीत त्या गृहस्थांनी मिठाची डबी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

माझा चमचा सूपमध्ये पडला. ड्रेस्डेनला पीएच.डी.साठी येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे जेवणघरात, समोर मराठी माणूस दिसला म्हणून आनंदाने त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले, तर हे असं!

"नाही हो!" मी जवळजवळ ओरडले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते शांतपणे म्हणाले. "नाही तर नाही. सूप प्या, गार होतंय."

हे कारखानीस. आमच्या इन्स्टिट्यूटमधला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप गेली वीस वर्षं त्यांच्या ताब्यात होता. वय पंचावन्नच्या आसपास, मूळचे पुण्याचे, घरी एकटेच. विशीतल्या पोरांनाही अहो-जाहो करायचे. आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी भेटेल त्याला हा एकच प्रश्न विचारायचे. जर्मनांना जर्मनमध्ये, आपल्याला मराठीत, पण आवाज तोच. 'पाचची ट्राम गेली का?' असं विचारावं तसा.

शिडी घेऊन चाललेल्या, इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला त्यांनी जिन्यात अडवून विचारलं होतं. तो शिडी खाली ठेवून जरा विचारात पडला आणि म्हणाला, "फक्त सोमवारी सकाळी." प्रोफेसरांना तर भर मीटिंगमध्ये विचारलं. त्यांच्या हातची कॉफी अहवालावर सांडली. कोल्हापूरचा एक नवा विद्यार्थी इतका हादरला, की त्याने घरी फोन केला आणि तिकडे त्याच्या आईने शनीला तेल वाहिलं.

हे खूळ कुठून आलं ते सेक्रेटरी फ्राऊ लेमान यांनी मला सांगितलं. खचलेले विद्यार्थी कसे ओळखायचे, त्यांच्याशी कसं बोलायचं, त्यांना कुठे न्यायचं, हे शिकवणारं दोन दिवसांचं प्रशिक्षण विद्यापीठाने कर्मचाऱ्यांसाठी ठेवलं होतं. आमच्याकडून एक जण पाठवायचा होता. कोणीच तयार होईना, तेवढ्यात कारखानिसांनी हात वर केला.

"मला वाटलं, त्यांनी पत्रक चुकीचं वाचलं," फ्राऊ लेमान म्हणाल्या. "ज्या माणसाने वीस वर्षांत मशीनखेरीज कोणाची चौकशी केली नाही, तो?"

प्रशिक्षणातही त्यांनी धमाल उडवली. रडणाऱ्या विद्यार्थ्याचं सोंग करायला सांगितल्यावर म्हणाले, "आल्झो, तर आधी कारण सांगा. कधीपासून रडतोय? दिवसातून किती वेळा?" शिकवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी म्हणे तिथल्या तिथे एक गोष्ट रचून दिली.

"पण अहो काका, असं थेट विचारतात का कोणी?" मी एकदा न राहवून म्हटलं.

"मशीन बिघडलं की त्याच्याभोवती फिरून अंदाज बांधता का तुम्ही? मोजता ना? बाईंनी स्पष्ट सांगितलंय, विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. विचारायचं, उत्तर ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, एकटं सोडायचं नाही. संपलं."

आम्ही मुलं त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचे. माझी ख्यातीच तशी होती, हसरी, गणपतीत वीस जणांसाठी पोहे करणारी.

तिसऱ्या वर्षी प्रबंधासाठी बनवलेले माझे नमुने भट्टीतून निघाले की तडकायला लागले. आधी एक, मग सगळेच. मी आईचे फोन घेणं बंद केलं. झोप गेली. लॅबमध्ये विनोद मात्र चालूच होते. ते कसे चालू राहिले, याचं आज मला आश्चर्य वाटतं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी कॉफीच्या मशीनपाशी कारखानीस भेटले. अंगात कोट, हातात प्रवासाची बॅग.

"तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

"हो," मी म्हणाले.

तो शब्द माझ्याच तोंडून आला हे कळायला मला क्षणभर लागलं. आता हा माणूस आरडाओरडा करणार, प्रोफेसरांना बोलावणार, असं वाटलं. त्यांनी बॅग खाली ठेवली. चेहरा पांढराफटक पडला होता. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. मी थांबले तेव्हा म्हणाले, "चल. कोट घाल. आपण दोघं जाऊ."

मला त्यांनी पहिल्यांदाच 'अगं-तुगं' केलं होतं.

विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र दहा मिनिटांवर होतं. वाटेत ते एवढंच बोलले, "पानं ओली आहेत, जपून." तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही हिचे वडील?"

"नाही. पण मी थांबणार आहे."

आम्ही बाकावर बसून होतो. माझं लक्ष बॅगेकडे गेलं. "काका, तुमची गाडी?"

"गेली. स्टुटगार्टची होती." त्यांनी बॅग पायाशी ओढली. "माझी मुलगी असते तिथे. मुक्ता. शिकायला गेली आणि चार महिने खोलीतून बाहेरच पडली नाही. मी दर रविवारी फोन करायचो. परीक्षा कधी, हीटिंग चालतंय का, विचारायचो. ती 'हो, हो' म्हणायची. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मला कळलं. वाचली. मला म्हणाली, 'तू कधी विचारलंच नाहीस.' जर्मनमध्ये म्हणाली. मराठी समजतं तिला, पण बोलत नाही. त्यानंतर भेटलीच नाही. आज पहिल्यांदा बोलावलं होतं."

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

त्या तासाभराबद्दल इथे लिहीत नाही. पुढे वर्षभर मी दर मंगळवारी तिथे जात राहिले. आईला सगळं सांगितलं. प्रबंध उशिरा का होईना, पूर्ण झाला.

त्या दिवशी बाहेर आले तेव्हा कारखानीस खिडकीपाशी उभे होते. हातात मोबाइल होता.

"मुक्ताला कळवलंत?" मी भीत भीत विचारलं. "रागावली?"

"सांगितलं की एका मुलीला समुपदेशन केंद्रात घेऊन आलोय, आज येता येणार नाही. ती म्हणाली, 'थांब तिथेच, बाबा. उद्या ये.'"

त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

"मराठीत म्हणाली," ते म्हणाले. आणि मला ऐकू गेलं नसेल असं वाटून की काय, पुन्हा म्हणाले, "मराठीत."