वाळवंटात हळू बोला

कारभारींचा दहावा दुधना नदीच्या वाळवंटात सुरू झाला, तोच पोलीस जवान रामकिसन हुकूम सांगायला हजर. परतूरच्या पोलीस चौकीवर नव्याने आलेले अंमलदार, म्हणजे अमीनसाहेब, रोज नदीकाठी फिरायला येत आणि त्यांना शांतता लागे. म्हणून वाळवंटात गलका बंद. करील त्याची रवानगी चौकीत. कारभारींच्या बायकोने, गोजरबाईने, ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

पिंड ठेवून झाला, पण बाभळीवरचा कावळा तिकडे ढुंकून बघेना. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे उघड होतं. अशा वेळी घरच्यांनी शब्द द्यायचा असतो. दीर भुजंगने कुजबुजत शब्द दिला, की बांध सरकवणार नाही. कावळ्याने मान फिरवली.

"असं हळू बोलून कसं व्हईल?" गोजरबाई म्हणाली. "ह्यांना शेजारी बसून आयकू येत नव्हतं. झाडावर कसं येईल?"

कारभारी ठार बहिरे होते, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. मग तिने म्हैस विकणार नाही असं खड्या आवाजात सांगितलं, भुजंगने बांधाचं पुन्हा सांगितलं आणि भावकीने शिरा ताणल्या. आता चौकीत न्यावं लागेल, असं रामकिसनने बजावलं.

"ने. पन आधी ह्यांना जेवू दे. उपाशी मानसाला वाटंला लावायची आमच्यात रीत न्हाई."

ऊन डोक्यावर आलं. कावळा खाईना, तोवर भावकी हलेना. भावकी हलेना, तोवर रामकिसनची सुटका नाही. गोजरबाईचा आवाज पार बसला आणि डोळे भरून आले. नवरा भुकेला निघालाय, हे तिला सोसवेना. ते बघून रामकिसनचा धीर सुटला. तो बाभळीखाली गेला आणि सगळ्यांच्या वरताण ओरडला, "कारभारीमामा, उतरा आता. मामीला कुनी चौकीत नेनार न्हाई, माझी जबान हाय."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

"कौन चिल्लाया?" मागे अमीनसाहेब उभे होते.

आळ आपल्यावर घ्यायला गोजरबाई पुढे सरसावली. पण मेलेल्या माणसाला दिलेली जबान रामकिसनने मोडायची कशी?

"मीच, हुजूर," रामकिसन म्हणाला.

साहेबांनी त्याला कोठडीत टाकायचं फर्मान सोडलं. चौकीत जवान तो एकच, तेव्हा तो स्वतःच स्वतःला घेऊन निघाला. मागोमाग गोजरबाईने दहाव्याच्या जेवणाचं पातेलं उचललं आणि सारी भावकी कलकलाट करत चौकीच्या दारात येऊन बसली. साहेबांनी हुकमाची आठवण करून दिली.

"मनाई वाळवंटात हाय, सायेब. हितं न्हाई," गोजरबाई म्हणाली आणि तिने पहिलं पान रामकिसनला वाढलं.