पिसारेसाहेबांचा शेवटचा हात

मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्याला दार होतं. हसताय काय? तळं बंधारा घालून अडवलेलं होतं, आणि बंधारा म्हटला की पाणी सोडायला दार लागतंच. पूर्वी ते हत्ती ओढायचे. पण राजाला, म्हणजे सिंहाला, कुणीतरी शेजारच्या जंगलातलं यंत्र दाखवलं आणि झालं, आपल्याकडेही यंत्र आलं. कॉम्प्युटरवर आज्ञा लिहायची, यंत्राकडे पाठवायची, की दार आपोआप वर. हत्ती बसले ऊस खात.

आज्ञा लिहायला साळू नावाची साळिंदर होती. शिकलेली, हुशार आणि तेवढीच तुसडी.

आता या जंगलाची रीत ऐका. कुठलंही लिखाण, मग ते बारशाचं आमंत्रण असो की मयताचा निरोप, पिसारेसाहेबांच्या हाताखालून गेल्याशिवाय कचेरीबाहेर पडत नसे. पिसारेसाहेब म्हणजे मोर. त्यांच्याकडे लिखाण नटवायचा खास प्रोग्राम होता. साधं अक्षर आत टाकलं की वळणदार होऊन बाहेर यायचं, कडेला वेलबुट्टी, मथळा केशरी. साहेब याला 'शेवटचा हात' म्हणायचे.

उन्हाळा आला. तळ्याखालच्या डबक्यात डरांवकाकू नावाची बेडकी राहायची. तिची पिल्लं नुकती अंड्यांतून बाहेर आली होती, नुसत्या शेपट्या, पाय फुटायचे होते. अशा पोरांना उचलून ती नेणार कुठं? डबकं रोज आटत होतं. पाणी आलं नाही तर पोरं चिखलात सुकणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

साळूने दार उघडायची आज्ञा लिहिली. पिसारेसाहेबांनी शेवटचा हात फिरवला. यंत्र म्हणालं, पहिल्या ओळीत चूक.

साळूने आपली पहिली ओळ तपासली. ठीक होती. पुन्हा लिहिली, साहेबांमार्फत पुन्हा पाठवली. पुन्हा तेच उत्तर. मग सगळं जंगल कामाला लागलं. माकडांनी यंत्राच्या तारा उपसल्या आणि परत लावल्या, थोड्या उरल्या. कोल्ह्याने यंत्राचं तोंड पूर्वेला केलं. राजाने नवा कीबोर्ड मागवला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! साळू तर यंत्रालाच अडाणी म्हणू लागली.

शेवटी डरांवकाकू उड्या मारत कचेरीत आली. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरांच्या काळजीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

"साळू, तू लिहितेस ते बरोबर असतं ना गं?"

"अगदी बरोबर असतं, काकू."

"मग तुझ्या हातून सुटल्यावर मधे कोण हात लावतं?"

साळू कॉम्प्युटरकडे वळली. तिने आपली मूळ आज्ञा आणि साहेबांकडून गेलेली आज्ञा शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्क्रीनला नाक लावून पाहिलं. तिची सरळ अवतरणचिन्हं तिकडे गोंडस वाकडी झाली होती. दोन आखूड रेघांची मिळून एक लांब रेघ झाली होती. डोळ्यांना छान, पण यंत्राला साध्या सरळ खुणाच तेवढ्या कळतात. नाकापेक्षा मोती जड झाला होता. तिने ज्यात नटवायची सोयच नसते अशा साध्या एडिटरमध्ये आज्ञा नव्याने लिहिली आणि साहेबांना न दाखवता थेट पाठवली.

दार वर गेलं. पाणी डबक्यात पोचलं तेव्हा पिल्लं चिखलात जेमतेम शेपट्या हलवत होती. डरांवकाकू रडली. साळूही रडली, पण तोंड फिरवून.

आता साळूच्या गळ्यात हार पडला असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? लहान आहात अजून. पिसारेसाहेब दरबारात गेले.

"महाराज, आपल्या जंगलाची आज्ञा उघडीवाघडी गेली. शेजारच्यांनी पाहिली असती तर?"

राजाला फार लाज वाटली. साळूची बदली डोंगरावर करवंदं मोजायला झाली. इकडे डबकं भरलं आणि दार बंद करायची वेळ आली. ती आज्ञा साळूने जाताजाता लिहून ठेवली होती. साहेबांनी त्या आज्ञेवर जातीने शेवटचा हात फिरवला, या खेपेला जरा जास्तच. यंत्र म्हणालं, पहिल्या ओळीत चूक. साहेबांनी मथळा आणखी केशरी केला.

दार उघडंच राहिलं. तळं डबक्यात गेलं, डबकं ओढ्यात गेलं आणि ओढा शेजारच्या जंगलात गेला. डरांवकाकू शहाणी. कुणाला विचारत बसली नाही, पोरांना पुढे घालून पाण्याबरोबर निघाली. तिथून तिने धोबी पक्ष्याकडे साळूला निरोप धाडला: "इकडेच ये बाई. इथले साहेब गाढव आहेत. त्यांना काही कळत नाही, म्हणून ते कशाला हात लावत नाहीत." साळूने करवंदं तिथंच टाकली आणि निघाली.

कोरड्या खड्ड्याच्या काठावर पिसारेसाहेबांनी 'तळे' अशी पाटी लावली आहे. पाटी खरोखर सुरेख आहे.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी नोकरीला लागलात की वरिष्ठ गाढव मिळावा म्हणून नवस बोला. मोर मिळालाच, तर तहानेने मरायची तयारी ठेवा. फक्त मरताना पाणी मागायचा अर्ज वळणदार अक्षरात करा.