अर्बाबचं पिस्तूल आणि दळवींचे डोळे

सोहारच्या सुपरमार्केटात, भांड्यांच्या रांगेत, एक धिप्पाड मिशीवाला गृहस्थ डोळे मिटून, हातात डाव घेऊन हवेतल्या हवेत आमटी वाढताना दिसला तर घाबरू नका. ते आमचे दळवी. ते डाव विकत घेतायत. घेतायत म्हणजे आजच घेतील असं मात्र नाही. "मनगट तयार नाही," असं पुटपुटून तो डाव परत ठेवतील, दुसरा उचलतील, पुन्हा डोळे मिटतील आणि पुन्हा न दिसणाऱ्या पंगतीला वाढत सुटतील. एकदा एका ओमानी आजीबाईंनी हसत हसत त्यांच्यासमोर खरीखुरी वाटी धरली होती. दळवींनी त्यांनाही वाढलं.

दळवी मूळचे गुहागरकडचे. फौजेत जवानांना हत्यारं शिकवण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर ते ओमानला आले आणि सोहार औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळू लागले. मी तिथे हिशेब बघायचो, शिवाय आम्ही राहायलाही एकाच इमारतीत. वर्कशॉपात येणारा प्रत्येक स्पॅनर, प्रत्येक हातमोजा दळवींच्या हाताखालून जायचा, आणि विकायला आलेल्या माणसाने कितीही गुणगान केलं तरी शेवटी ते एकच विचारायचे, "ते सगळं ठीक. पण नांदेल का?"

घरात येणारी वस्तू त्यांच्या लेखी सून होती. दिसायला बरी, हे पुरेसं नाही. ती नांदली पाहिजे. गादी घ्यायला गेले तेव्हा दुकानातच आडवे झाले आणि घोरू लागले. विक्रेत्याने बिचाऱ्याने आवाज न करता त्यांच्यावर पंखा वळवला. जवळच्या खाबुरा गावच्या बाजारात कलिंगड घेताना तर ते फळाशी इतका वेळ बोलायचे की शेतकरी हात जोडून म्हणायचा, "खलास, सदीक, ऐसेही ले जाओ." सदीक म्हणजे दोस्त.

माझ्या मुलीच्या, सईच्या वाढदिवसाला कुणीतरी तिला पाण्याची बंदूक दिली. दळवींनी ती तिच्या हातातून घेतली, तोंड जमिनीकडे केलं, टाकीचं झाकण उघडून आत करंगळी फिरवली आणि मगच परत दिली.

"अंकल, इट्स ओन्ली वॉटर," सई म्हणाली. तिचं मराठी आजीच्या फोनपुरतं.

"पाणी असू दे नाहीतर अमृत. उडवायचं नसेल तेव्हा बोट ट्रिगरच्या बाहेर. समजलं?"

त्या दिवशी सगळी पोरं अत्यंत शिस्तीत एकमेकांना भिजवत होती.

आता अर्बाबबद्दल सांगतो. अर्बाब म्हणजे आमचे मालक, खलफान. पांढरीशुभ्र दाढी, गडगडाटी हसू, आणि नेमबाजीचं भारी वेड. शुक्रवारी मुलांना, पुतण्यांना घेऊन क्लबच्या रेंजवर जायचं, नेम धरायचा, मग सगळ्यांनी एका ताटाभोवती बसून भात-मटण खायचं, हा त्यांचा सण. दळवींनाही ते आग्रहाने नेत. पण अलीकडे अर्बाबचे नेम चुकू लागले होते. आधी त्यांनी वाऱ्याला दोष दिला, मग गोळ्यांना, मग जुन्या पिस्तुलाला. शेवटी "काम बहुत है" म्हणत एकदोन शुक्रवार ते गेलेच नाहीत. थोरला मुलगा सैफ मला म्हणाला, "बाबा थकले. आता त्यांनी हे सोडावं, असं घरात सगळ्यांना वाटतं." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण शुक्रवारचं ताट कुणाभोवती मांडायचं, याचा त्याने विचार केलेला दिसला नाही.

आणि एका सकाळी अर्बाबनी जाहीर केलं, "नया पिस्तूल लेगा. दलवी देखेगा."

परवान्याचे सगळे सोपस्कार त्यांनी आधीच उरकले होते. मस्कतला दुकानात जायचं ठरलं. अर्बाब, सैफ, दळवी, आणि माझं अरबी बरं म्हणून मी. गाडीत सैफ फोनवर एक छोटंसं, देखणं पिस्तूल दाखवत होता. हलकं, खिशात मावेल असं. "बाबांना हे झेपेल," तो म्हणाला. अर्बाब खिडकीबाहेर बघत राहिले.

दुकानदार अबू तारिक मोठा हसतमुख माणूस. दळवी आत शिरले तेव्हा तो हसत होता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

सैफच्या पसंतीचं पिस्तूल काउंटरवर आलं. दळवींनी ते उचललं, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढली, आत बघितलं, आत करंगळी घातली. मग प्रत्येकासमोर धरलं. "मी म्हणतो म्हणून रिकामं समजू नका. स्वतः बघा." आम्ही ओळीने बघितलं. अबू तारिकनेही बघितलं, स्वतःच्याच दुकानात.

मग दळवींनी डोळे मिटले. हात समोर उचलला. डोळे उघडले. नाक मुरडलं. "मूठ आखूड आहे. करंगळी बाहेर लोंबकळते. आणि हलकं म्हणजे सोपं नाही, भाऊ. हलकं जास्त उसळतं. मोठं काढा."

मोठं निघालं. मग त्याहून मोठं. दळवींनी बाटलीतलं पाणी तळहातावर ओतलं आणि ओल्या हाताने मूठ धरून बघितली, कारण आमच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात कोरडा हात कुणाचा असतो? अंगठा मॅगझिनच्या बटणापर्यंत पोचतो का, बघितलं. दुकानदाराची परवानगी घेऊन रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढून बघितला, नळीवर एक नाणं ठेवून. नाणं पडलं की ट्रिगर खडबडीत. नाणी पडत होती, सैफ ती गोळा करत होता, अबू तारिकचा चहा येत होता, जात होता, पुन्हा येत होता.

"अब अर्बाब देखेगा," दळवी म्हणाले.

अर्बाबनी पिस्तूल भिंतीकडे रोखलं. मान मागे घेतली. हात लांब केला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब. एक डोळा बारीक केला.

"ज़ैन," ते म्हणाले. म्हणजे छान.

दुसरं दिलं. "ज़ैन." तिसरं दिलं. "ज़ैन, ज़ैन."

दळवी आता पिस्तुलाकडे बघतच नव्हते. ते अर्बाबच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला तेव्हा काही कळलं नाही, नंतर उमगलं. डोंगरावरची बकरी ओळखणाऱ्या अर्बाबना हातभर अंतरावरची, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक उंचवटा, धूसर दिसत होती. आणि मुलासमोर, दुकानदारासमोर ते हे मरेस्तोवर कबूल करणार नव्हते.

"अबू तारिक, ज्याच्या स्लाइडवर काच बसवायची खाच आहे, ते काढा. लाल ठिपक्यावालं," दळवी म्हणाले.

सैफ हसला. "ते स्पर्धेवाल्यांचं. बाबांना कशाला काच?"

अर्बाबची दाढी थरथरली. "मेरा आँख ज़ैन! काच नहीं मांगता!"

आता अर्बाब गाडीत जाऊन बसणार आणि हा विषय कायमचा मिटणार, असं मला वाटलं.

"अर्बाब, आप का आँख एकदम ज़ैन," दळवी म्हणाले. "मेरा गया."

मी चमकून बघितलं. हा माणूस सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवायचा. नटावरचं पुसटलेलं माप उभ्या उभ्या वाचायचा.

"पिस्तूल सेट कौन करेगा? मैं. और मेरे को सामने का माशी दिखता नहीं. किसको बोलूं?" असं म्हणून दळवींनी काउंटरवरचं माहितीपत्रक उचललं, हात पूर्ण लांब केला, मान मागे टाकली, डोळे किलकिले केले आणि पहिलीच ओळ धडधडीत चुकीची वाचली. पत्रक उलटं धरलेलं होतं, हे मात्र जरा जास्तच झालं.

अर्बाबच्या चेहऱ्यावरचा राग विरघळत गेला, आणि त्याच्या जागी करुणेचा असा काही पाझर फुटला की काय सांगू! त्यांनी दळवींच्या खांद्यावर हात टाकला. "मिस्कीन, बिचारा दलवी! बोला क्यों नहीं? सैफ, दलवी बूढ़ा हो गया. काच वाला निकालो. दलवी के वास्ते."

भरभक्कम, पूर्ण आकाराचं पिस्तूल आलं. त्यावर काच बसवली. दळवींनी काचेखालच्या पट्टीचे स्क्रू तपासले, काचेची बॅटरी संपली तर साधी माशी तिच्याखालून दिसते का तेही बघितलं, आणि मग ते अर्बाबच्या हातात दिलं. "दोनो आँख खुला रखो. दूर दीवार को देखो. बस."

अर्बाबनी हात उचलला. यावेळी "ज़ैन" आलं नाही. ते नुसते उभे राहिले. भिंतीवरच्या चित्रातल्या हरणावर, जिथे ते बघत होते तिथेच, काचेतला लाल ठिपका बसला असणार. बराच वेळ हात खाली आला नाही.

"वल्लाह," ते हळूच म्हणाले.

"नांदेल," दळवी मला म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी रेंजवर कागदाच्या मधोमध एकाशेजारी एक भोकं पडत गेली आणि पुतण्यांनी एवढा आरडाओरडा केला की कानांवरचे संरक्षक फुकट गेले. सैफने बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. ताटाभोवती अर्बाबनी स्वतःच्या हाताने मटणाचा सगळ्यात मऊ तुकडा दळवींपुढे सरकवला. "खाओ. आँख के लिए अच्छा."

त्यानंतर दळवी अधिकृतपणे आंधळे झाले. अर्बाब त्यांना बोर्डावरच्या सूचना वाचून दाखवू लागले. जवळचा कागद असला तर स्वतःला दिसत नसल्याने अंदाजाने वाचत, आणि दळवी अंदाजानेच मान डोलवत. काम तरीही बरोबर व्हायचं, कारण दळवींनी तो कागद आधीच वाचलेला असायचा. शेवटी अर्बाब त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. दळवींनी दुकानदाराला बाजूला नेऊन काहीतरी कुजबुज केली आणि शून्य नंबरचा चष्मा बनवून घेतला. "दलवी को अकेला शरम आएगा," असं म्हणून अर्बाबनीही सोबतीला डोळे तपासून घेतले, आणि सोबतीलाच एक चष्मा केला. तो ते आता सोबतीला दिवसभर घालतात.

एकदा स्टोअरात मी दळवींना म्हटलं, "आता तरी पुरे करा हे नाटक. त्यांना चष्मा लागला, नेम लागला. तुमचा चष्मा काढा."

ते साधी काच रुमालाने पुसत होते. "फौजेत मला एकदा सांगितलं होतं," ते म्हणाले, "दळवी, तुमचा खांदा गेला, आता तुमच्याने होणार नाही. खरंच होत नव्हतं हो. पण मी शिकवलेल्या पोरांपुढे, सगळ्या रांगेपुढे सांगितलं." चष्मा त्यांनी नाकावर चढवला. "आणि दुसरं असं... मंडळी गेल्यापासून घरी कुणी नाही. मुलगा त्याच्या संसारात. फोन करतो, नाही असं नाही. इथे अर्बाब जिन्यात माझं कोपर धरतात. रोज. आता सांगा, ते कशाला सोडू?"

मी माझ्या हिशेबाकडे परतलो.

संध्याकाळी काम सुटलं. ऑफिसच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर दळवी थांबले होते. मागून अर्बाब आले, त्यांनी दळवींचं कोपर घट्ट धरलं आणि म्हणाले, "यल्ला, चलो, दलवी. आराम से."

तेव्हा कुठे दळवींनी पहिलं पाऊल टाकलं.