डबाभर घाण

माईंनी फिशटँकमधले खडे तिसऱ्यांदा उकळायला ठेवले, तेव्हा कामावर निघालेली सून दारातच थांबली.

"आई, शिजतायत का?"

"शिजत नाहीत, स्वच्छ होतायत. दुकानात कुणाकुणाचे हात लागले असतील."

"अहो, खडे आहेत ते."

"मग? खड्यांना घाण लागत नाही, असं कुणी लिहून दिलंय तुला?"

सून दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून बघून, आपलं कधी बंद ठेवायचं हे तिला चांगलं कळत होतं. ती चपला घालून निघून गेली.

टँक तिनेच आणला होता. अण्णा पोस्टातून निवृत्त झाले आणि त्यांना बघायला काही उरलं नाही, म्हणून ते माईंकडे बघू लागले. माई फडकं पिळत, ते बघायचे. माई ओटा पुसत, ते बघायचे. आणि मधेच विचारायचे, "एकदा पुसलास ना, मग परत कशाला?" अडतीस वर्षांच्या संसारात झालं नव्हतं ते भांडण आता होणार, हे ओळखून सुनेने दीड हात लांबीचा टँक आणून बैठकीत ठेवला. सासऱ्यांची नजर एकदाची तिकडे वळली आणि घरात शांतता झाली.

आता माईंच्या घराबद्दल सांगायचं तर त्या घरात घाणीला थारा नव्हता. पाहुणा उठला की खुर्ची पुसली जायची. काही पाहुण्यांची तर ते उठायच्या आत पुसली गेली होती. अशा घरात पाण्याने भरलेली पेटी येणार आणि त्यात सहा गप्पी मासे राहणार म्हटल्यावर माईंनी कंबर कसली. टँकवाल्याने सांगितलं होतं, की आधी दोन-तीन आठवडे पाणी नुसतंच फिरू द्या, मासे घाईने सोडू नका. माईंनी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. घर लावून झालं, आता माणसांना दारात कशाला उभं ठेवायचं? सोमवारी मासे पाण्यात गेले.

अण्णांनी त्या माशांना पोस्टातली माणसं वाटून दिली. सतत पळणारा तो तारवाला. सगळ्यांच्या मागे लागणारा तो वसुली कारकून. नारिंगी शेपटीचा एक मासा कोपऱ्यात तरंगत राहायचा, कुणी काही विचारलं तर नुसता वळून बघायचा. तो हेडक्लार्क. "अगदी हुबेहूब," अण्णा म्हणायचे. "जेवायच्या सुट्टीलाच काय तो हलायचा."

त्याच संध्याकाळी माई धाकट्या जावेकडे गेल्या. जाऊ दोन गल्ल्या सोडून राहायची आणि तिच्याकडेही फिशटँक होता, नऊ वर्षांचा. काचेवर हिरवं शेवाळ, तळाला बोटभर गाळ, आणि त्या सगळ्यात लठ्ठ मासे अगदी खुशीत. आठवण झाली तर धाकटी त्यांना खायला घालायची. नाही झाली तर त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. दोघी जावा एकमेकींना तीस वर्षं पाण्यात बघत होत्या. आता काचेतून बघायची सोय झाली.

"अगं, हा टँक आहे की डबकं?" माईंनी पदर सावरत विचारलं. "येत्या रविवारी आमच्याकडे ये. टँकच्या पलीकडे पेपर धरते, तू अलीकडून वाच. बारीक अक्षरातलं."

"येते की," धाकटी जांभई देत म्हणाली. "चष्मा घेऊन येते."

झालं. आता शब्द गेला होता, आणि माईंचा शब्द म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. भिंत पडली तरी चालेल, खिळा निघायचा नाही.

बुधवारी सकाळी टँकमधलं पाणी दुधासारखं पांढुरकं झालं.

"कुणी काय टाकलं यात?" माईंनी अण्णांना विचारलं.

"मी फक्त बघतोय."

"बघून बघून गढूळ केलंत!"

माईंनी सगळं पाणी उपसलं. मासे बादलीत, खडे पातेल्यात, काच फडक्याने लख्ख. फिल्टरमधल्या स्पंजाला बोटाला जाणवेल न जाणवेल असा बुळबुळीतपणा आला होता. साबण लावायचा नाही, अशी सुनेची सक्त ताकीद होती आणि माईंनी ती तंतोतंत पाळली. त्यांनी स्पंज उकळला. गुरुवारी पाणी पुन्हा पांढरं झालं. त्यांनी पुन्हा सगळं उपसलं आणि या वेळी स्पंज दोनदा उकळला. शुक्रवारी सकाळी वसुली कारकून पोट वर करून तरंगत होता आणि बाकीचे पाचजण पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. हेडक्लार्कही कोपरा सोडून वर आला होता.

अण्णांनी चहा घेतला नाही. खुर्ची टँकजवळ ओढली आणि बसून राहिले. टँकवरची नजर न काढता म्हणाले, "अगं, तू जरा हात आवर."

अडतीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.  माईंनी हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं आणि म्हणाल्या, "चपला घाला. त्या टँकवाल्याला जाब विचारू. आजारी मासे गळ्यात मारले त्याने."

टँकवाल्याने सगळं ऐकून घेतलं. उकळण्याचा भाग त्याने दोनदा ऐकला.

"काकू, तुमचा टँक फार स्वच्छ आहे. म्हणून मासे मरतायत."

"काय बोलतोस?"

"मासे पाण्यातच खातात, पाण्यातच सगळं करतात. त्याचं विष होतं. ते विष खाणारे बारीक जंतू असतात, चांगले जंतू. ते त्या बुळबुळीत थरात राहतात, स्पंजात, खड्यांवर. त्यांनी बिचाऱ्यांनी संसार मांडला की तुम्ही त्यांना रोज उकळता."

माईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा अतिशय मन लावून एक कासव बघत होते.

"मग आता उपाय सांग."

"कुणाच्या घरी जुना टँक आहे का? त्याचा स्पंज पिळायचा, निघेल ते काळं पाणी तुमच्या टँकमध्ये ओतायचं. आयते जंतू मिळतील."

"तुझ्याकडचं दे की."

"माझ्याकडे रोज नवा माल येतो काकू, कुणाला काय रोग असेल सांगता येत नाही. घरचा टँक हवा, वर्षानुवर्षं चाललेला. जितका घाण तितका बरा."

"आमच्या ओळखीत घाण माणसं नाहीत," माई ताठ मानेने म्हणाल्या.

"आहे की," अण्णा कासवाला म्हणाले. "आपली धाकटी."

शनिवारी सकाळी माई झाकणाचा स्टीलचा डबा पिशवीत घालून जावेच्या दारात उभ्या राहिल्या. मागायला जायचं आणि मागायचं नाही, हे त्यांनी रस्त्यातच ठरवलं होतं.

"तुझा टँक मला बघवत नाही," त्या आत येत म्हणाल्या. "म्हटलं, आपल्या जावेचंच आहे, आपणच करावं. आण तो स्पंज."

धाकटीचे डोळे मोठे झाले. "अहो माई, तुम्ही कशाला? मी करेन केव्हातरी."

"तुझं केव्हातरी नऊ वर्षं झाली बघतेय मी."

मोरीवर उभ्या राहून माईंनी स्पंज डब्यात पिळला. डांबरासारखं पाणी निघालं. माईंनी श्वास रोखून धरला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि पुन्हा पिळला. डबा गळ्यापर्यंत भरला. त्यांनी झाकण दाबून बसवलं. काम झालं होतं. खरं तर तिथेच थांबायचं, स्पंज होता तसा जागेवर ठेवायचा आणि निघायचं.

पण हात. हात माईंचे होते. स्पंज काळा, नळ समोर, आणि नळाला पाणी. माईंना कळायच्या आत स्पंज धारेखाली गेला होता. त्यांनी तो चोळला, आपटला, पुन्हा चोळला, स्वच्छ पाणी येईपर्यंत.

"अगंबाई!" धाकटी म्हणाली. "हा पिवळा होता?"

"तुला काय वाटलं?"

"मला वाटलं काळाच येतो."

माईंनी तो पिवळा रंग एकदा डोळे भरून पाहिला. त्यांनी डबा उचलला.

"तो कशाला नेताय? इथेच मोरीत ओता ना."

"तुझी मोरी तुंबेल. मी जाता जाता टाकते."

"किती करता हो माई तुम्ही," धाकटी अगदी मनापासून म्हणाली. "पण उद्या काही माझं यायचं जमत नाही. पुढच्या रविवारी आले तर चालेल?"

माईंच्या छातीवरची धोंड उतरली. "बघ बाई. तुझीच अडचण. मी तर तयार होते."

घरी येऊन त्यांनी डबा अण्णांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "ओता. मला सांगू नका."

टँक चहासारखा झाला. संध्याकाळपर्यंत गाळ खाली बसला. टँकवाल्याची आज्ञा अशी होती, की दिवसाआड शिळं करून ठेवलेलं थोडं पाणी बदलायचं, आणि ते अण्णांनी बदलायचं. माईंनी टँकच्या दोन हात लांब राहायचं.

तो आठवडा माईंनी कसा काढला, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी सगळे पंखे पुसले. माळ्यावरची भांडी काढून घासली. शेजाऱ्यांच्या दाराची घंटा पुसायला गेल्या आणि ती वाजली, म्हणून उगीच अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसावं लागलं. टँकपाशी आल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. इकडे मासे खाली उतरले. तारवाला पुन्हा धावू लागला. गुरुवारी हेडक्लार्क आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि अण्णांनी तीन कप चहा घेतला.

"आई," शनिवारी सून फिल्टरचं झाकण उघडून म्हणाली, "स्पंज मस्त घाण झालाय हं."

असं कौतुक माईंच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आलं. खूश व्हावं की सुनेला घराबाहेर काढावं, ते त्यांना चटकन ठरवता आलं नाही.

रविवारी बेल वाजली. पाणी काचेसारखं नितळ होतं. माईंनी पेपर उचलला, टँकच्या पलीकडे धरला आणि म्हणाल्या, "ये. चष्मा लाव. वाच."

धाकटीने चष्मा आणलाच नव्हता. तिच्या हातात रिकामा डबा होता आणि चेहरा पडला होता.

"माई, तुम्ही स्पंज धुवून दिलात ना, तिसऱ्या दिवसापासून माझा टँक दुधासारखा झालाय. मासे वर येऊन तोंड उघडतायत. एक गेलासुद्धा. नऊ वर्षं कधी असं झालं नाही."

पेपर हळूहळू खाली आला.

"तुला स्पंज नळाखाली धुवायला कुणी सांगितलं होतं?" माई म्हणाल्या.

"मी कुठे? तुम्हीच धुतलात."

"मग तू धुऊ कशाला दिलास?"

 धाकटीने डब्याचं झाकण उघडलं, लावलं. "तो टँकवाला म्हणतो, चालू टँकची घाण हवी. आता माझ्या ओळखीत टँक फक्त तुमचा. म्हटलं, माईंकडे कुठली घाण? पण विचारून बघावं. नसेलच ना हो?"

 अण्णा माशांकडे बघत होते, पण त्यांचे कान इकडे होते. नाही म्हटलं की अडतीस वर्षांची अब्रू शाबूत राहत होती. आणि दोन गल्ल्या पलीकडे जावेचे लठ्ठ मासे वर तोंड करून धापा टाकत होते. ते कुणामुळे, हे माई जगाला सांगणार नव्हत्या. स्वतःला मात्र सांगून झालं होतं.

त्यांनी पदर खोचला.

"नसायला काय झालं? आण तो डबा."

स्पंज पिळला तशी काळीभोर, दाट धार डब्यात पडली. माईंनी या वेळी तोंड वळवलं नाही. पिळून झाल्यावर त्यांचा हात आपोआप नळाकडे वळला, पण अण्णा कधीच उठून नळापाशी येऊन उभे राहिले होते. माईंनी त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला आणि स्पंज होता तसा, काळाच्या काळा, जागेवर ठेवला.

धाकटी डब्यात वाकून बघत होती. "माई, मागच्या शनिवारी तुम्ही माझ्याकडची घाण टाकायला नेलीत, ती कुठे टाकलीत हो?"

"जिथे टाकायची तिथे टाकली."

धाकटीने डब्याकडे पाहिलं, टँककडे पाहिलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिची जांभई अर्ध्यात थांबली.

"म्हणजे ही माझीच!"

"मूळची तुझी असेल," माई हात पुसत म्हणाल्या. "वाढवली कुणी?"