एकोणीस जिन्नसांची मोजणी

मोजणीदारांना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत घरात त्यांना कुणी काहीही मोजायला सांगितलं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, सख्ख्या भावांची भांडणं फीत धरून मिटवली, आणि आता बायको भात लावताना पाणीसुद्धा बोटाच्या पेराने मोजत होती. घरातले सगळे फोटो दोनदा सरळ करून झाले होते. तिसऱ्यांदा सरळ करायला ते वाकडे व्हायची वाट बघत होते.

त्या सकाळी बायको बहिणीकडे निघाली होती. धाकटीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघता निघता ती कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं सामान आवरत होती, तेवढ्यात मोजणीदार म्हणाले, "हेच सगळं सुपरमार्केटात स्वस्त मिळतं."

"कशावरून?"

"जाहिरात आली होती की."

"जाहिरात बघून कधी जमीन मोजलीत का तुम्ही?"

हे मोजणीदारांच्या वर्मी लागलं. ते खुर्चीतून उठले. "आजच मोजून दाखवतो. दोन्हीकडचे भाव, वस्तूला वस्तू लावून. सुपरमार्केट स्वस्त निघालं तर कोपऱ्यावरचं दुकान बंद. कबूल?"

बायकोने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "कबूल," ती म्हणाली. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. "आणि हो, बाहेर जाताना किल्ली..."

"कळतं मला," मोजणीदार म्हणाले आणि वही शोधायला लागले.

मोजणीचा पहिला नियम म्हणजे यादी पक्की हवी. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे ओळीने उतरवले आणि डब्यावर जे छापलं होतं ते वहीत उतरवून घेतलं. चहा, हरीण छाप. मीठ, दर्या छाप, साधं. लोण्याची बिस्किटं, निळा डबा. तेल, साबण, तांदूळ, सगळे मिळून एकोणीस जिन्नस झाले. दुसरा नियम असा, की ज्याची मोजणी करायची त्याला मोजणारा कोण ते कळता कामा नये, नाहीतर तो ओळखीचा भाव सांगतो. हे सोपं होतं. या घरात येऊन अकरा वर्षं झाली तरी मोजणीदारांनी कोपऱ्यावरच्या दुकानात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. खोल खिशांचं जुनं जाकीट त्यांनी काढलं, त्यात वही, पेन्सिल आणि सपाटी बघायची बुडबुड्याची पाणसळ टाकली, पँटही फिल्डवरचीच चढवली, आणि निघाले. दाराला ओढलं की आपोआप लागणारं कुलूप होतं. ते लागलं.

दुकान लहान होतं. गल्ल्यामागे दुकानदार आणि गल्ल्यासमोर साबण निवडत असलेल्या हेडबाई एवढेच लोक आत होते. हेडबाई जवळच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्याला ते अजून कळलं नव्हतं. एका बाजूला चौकोनी उशी घातलेलं स्टूल होतं. मोजणीदार त्यावर टेकणार तोच दुकानदार म्हणाला, "तिथं नको साहेब. ते आमच्या ताईंचं आहे."

मोजणीदार उभे राहिले. "चहा, हरीण छाप, अर्धा किलो?"

दुकानदाराने भाव सांगून पुडा काढायला हात वर केला.

"काढू नका. नुसता भाव सांगा."

नवव्या जिन्नसापर्यंत दुकानदाराने सांगितलं. मग त्याने वहीकडे पाहिलं. "साहेब, यातलं घ्यायचं काय आहे?"

"बघू."

"इथं नवीन राहायला आलात का?"

मोजणीदारांना दुसरा नियम आठवला. "हो," ते म्हणाले. "नवीनच." छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी खोटं मोजमाप लिहिलं नव्हतं, त्यामुळे हे बोलताना त्यांचे कान तापले. दुकानदाराने उरलेले दहा भाव सांगितले खरे, पण दर भावाला त्याचा आवाज खाली जात होता. मोजणीदार बाहेर पडल्यावर तो हेडबाईंना म्हणाला, "सुपरमार्केटचा माणूस दिसतोय. आपले भाव काढून नेतोय."

सुपरमार्केटात मोजणीदारांनी वही उघडली मात्र, गणवेशातला रखवालदार येऊन उभा राहिला.

"इथं भाव लिहून घ्यायचे नाहीत, काका."

"का?"

"नियम आहे. कुठल्या दुकानाकडून आलात?"

"मी कुणाकडून आलेलो नाही. मी मोजणीखात्यातला आहे."

"मग मोजा. लिहू नका."

मोजणीदारांना नियम कळत होते. न लिहिता भाव नोंदवायचा एकच मार्ग उरला होता, छापील बिल. त्यांनी ढकलगाडी घेतली आणि एकोणीसच्या एकोणीस जिन्नस तिच्यात भरले. बिल हातात आल्यावर तिथेच कठड्यावर वही टेकवून त्यांनी बेरजा मारल्या. सुपरमार्केट साडेसहा टक्क्यांनी स्वस्त होतं. मोजणीदारांची छाती फुगली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या हातून घराच्या उपयोगी असं काहीतरी झालं होतं. बायको चारला येईल, आपण वही पुढे करू, ती वाचेल आणि गप्प बसेल, हे सगळं त्यांना समोर दिसायला लागलं. या आनंदात त्यांनी एकावर एक फुकट असलेले आइस्क्रीमचे दोन डबे घेतले.

तीन मोठ्या पिशव्या घेऊन ते दुसऱ्या मजल्यावर चढले आणि खिशात हात घातला. वही होती, पेन्सिल होती, पाणसळ होती. किल्ली दुसऱ्या पँटच्या खिशात होती आणि ती पँट हिरव्या दाराच्या पलीकडे खुंटीवर होती.

त्यांनी बायकोला फोन लावला.

"अहो, लवकर बोला. धाकटीला आत नेतायत, फोन बंद करायला सांगतायत."

"किल्ली आत राहिली."

"निघताना मी तेच सांगत होते! दुसरी दुकानात आहे."

"कुठल्या दुकानात?"

"कुठल्या म्हणजे? कोपऱ्यावरच्या. भाऊंकडे. सात वर्षं तिथंच आहे."

"आपल्या घराची किल्ली? दुकानात? आणि मला माहीत नाही?"

"तुम्ही कधी किल्ली विसरला नाहीत, म्हणून माहीत नाही. मी पाचदा विसरलेय. आणि नीट बोला हो त्यांच्याशी."

फोन बंद झाला. मोजणीदारांच्या तोंडचं पाणी पळालं. पिशव्या जिन्यात ठेवून जावं तर शेजारच्यांचं मांजर दाराशीच बसलेलं, आणि आइस्क्रीमची पिशवी तर आत्ताच ओली लागत होती. तीन पिशव्यांसकट ते दुकानात आले. प्रत्येक पिशवीवर सुपरमार्केटचं नाव वीतभर अक्षरांत छापलेलं होतं.

"या," दुकानदार म्हणाला. "आता उलटीकडून वाचायचेत का भाव?"

"किल्ली हवी होती. दुसऱ्या मजल्यावरचं हिरवं दार. आमचं घर आहे ते."

"ते ताईंचं घर आहे."

"मी त्यांचा नवरा."

दुकानदाराने अजून तिथेच साबण निवडत असलेल्या हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाईंनी हातातला साबण खाली ठेवला. त्या आता इतक्यात जाणार नव्हत्या.

"सकाळी म्हणालात की इथं नवीन राहायला आलोय."

"ते मोजणीसाठी म्हणालो."

"म्हणजे सकाळी खोटं बोललात की आत्ता बोलताय?" हेडबाईंनी विचारलं.

"सकाळी."

"आत्ताचं खरं कशावरून?"

मोजणीदारांनी घाईघाईने खात्याचं ओळखपत्र काढलं. त्यावर डोकंभर केसांचा एक तरुण होता. हेडबाईंनी ते चष्म्याजवळ धरून वाचलं. "तुम्ही जमीन मोजत होतात एवढं यावरून कळतं. कुणाचे नवरे आहात ते कुठे लिहिलंय यात?"

"ताईंना फोन लावतो," म्हणून दुकानदाराने लावला. फोन बंद होता. "माफ करा साहेब. विश्वासाने ठेवलेली वस्तू आहे. ताई येऊ देत."

"पण हे वितळतंय हो!" पिशवीतून एक थेंब गळला.

हेडबाईंनी मार्ग काढला. "चार प्रश्न विचारा. घरचा माणूस असेल तर घरात काय येतं ते त्याला ठाऊक असणारच."

मोजणीदारांच्या जिवात जीव आला. परीक्षा नेमकी त्यांना तोंडपाठ असलेल्या विषयाची होती. "विचारा!" ते म्हणाले.

"चहा कुठला?" दुकानदाराने विचारलं.

"हरीण छाप. अर्धा किलो."

"चूक. त्या घरात सहा वर्षांत हरीण छाप गेलेला नाही. आमच्याकडचा सुटा चहा जातो."

"डब्यावर हरीण आहे! मी स्वतः बघितलंय!"

"डबा जुना असेल. मीठ?"

"दर्या छाप. साधं."

"रक्तदाबवाल्यांचं. पांढऱ्या पुडीतलं. बिस्किटं?"

मोजणीदारांचा आवाज आता चढला होता. "लोण्याची! निळा डबा! मी रोज चार खातो!"

दुकानदाराने खेदाने मान हलवली. "इथंच फसलात साहेब. त्या घरात बिनसाखरेची जातात. ताईंच्या मिस्टरांना साखर निघालीय, पण गोड सुटत नाही. ताई दर आठवड्याला दोन पुडे नेतात आणि निळ्या डब्यात भरून ठेवतात. तीन वर्षं झाली, त्या साहेबांना अजून पत्ता नाही."

"आणि त्या घरात आइस्क्रीम तर मुळीच येत नाही," हेडबाई पिशवीकडे बघत म्हणाल्या. "नापास."

मुलीला, जावयाला, खात्यातल्या जुन्या मंडळींना मोजणीदारांनी कितीदा सांगितलं होतं की बिस्किटं खावीत तर ही, बाकी सगळी अगोड. एकोणीस जिन्नसांची अख्खी मोजणी त्यांनी जुन्या डब्यांवर छापलेल्या नावांवरून केली होती. साडेसहा टक्के कशाचे होते ते आता देवच जाणे. आपल्याच घरात काय शिजतं ते गावाला माहीत आणि आपल्याला नाही, या विचाराने त्यांना खरोखर वाईट वाटलं. कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून त्यांनी वर पाहिलं आणि ते तसेच बघत राहिले.

"तुमची ती वरची फळी डावीकडे उतरलीय," ते म्हणाले.

"काय?"

"दीड बोट. सकाळीच दिसलं होतं, पण बोललो नाही." हात आपोआप जाकिटात गेला, पाणसळ बाहेर आली, आणि एका खोक्यावर चढून त्यांनी ती बरण्यांच्या मध्ये फळीवर ठेवली. "बघा. बुडबुडा पार उजवीकडे गेलाय. एखादा लाकडाचा तुकडा आहे का?"

दुकानदार आणि हेडबाई एकमेकांकडे बघत राहिले. मग दुकानदार खदखदून हसायला लागला.

"हेच ते! मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेले आणि बसायच्या आधी भिंतीवरचा फोटो सरळ केला, तेच!"

"झोपेत आकडे म्हणतात, तेच," हेडबाई म्हणाल्या.

"मोजे जोडी लावून दोरीवर वाळत घालतात आणि मधलं अंतर..."

"पुरे," मोजणीदार खोक्यावरून म्हणाले. त्यांचे कान पुन्हा तापले होते. पण थोड्या वेळाने त्यांना वाटलं, की म्हणजे ती इथे बसून रोज आपल्याबद्दलच बोलते. आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटलं.

"आधीच सांगायचं नाही का, भाऊजी!" असं म्हणत दुकानदाराने गल्ल्याच्या खणातून किल्ली काढली. तिला मोजपट्टीचा एक तुकडा बांधलेला होता. ही पट्टी मोजणीदार गेली सात वर्षं शोधत होते. "आणि ते आइस्क्रीम राहू द्या आमच्या फ्रीझरमध्ये. ताईंना दिसलं तर दोघांची खैर नाही."

फळीखाली तुकडा बसला. दुकानदाराने चहा मागवला आणि उशीचं स्टूल पुढे सरकवलं.

चारला बायको आली. धाकटीचा डोळा उत्तम होता. हातपाय धुऊन तिने विचारलं, "मग? कोण स्वस्त निघालं?"

मोजणीदारांनी वही पुढे केली. शेवटी व्यवस्थित अक्षरात लिहिलं होतं : दोन्हीकडचे जिन्नस सारखे नसल्याने तुलना होऊ शकली नाही.

बायकोने ते दोनदा वाचलं. मग तिने चहा ठेवला, निळा डबा काढला आणि बशीत चार बिस्किटं ठेवली. मोजणीदारांनी एक उचललं, सावकाश खाल्लं आणि म्हणाले, "ही अशी बिस्किटं दुसरीकडे मिळायची नाहीत."

"नाहीच मिळत," बायको म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मोजणीदार अकराच्या ठोक्याला दुकानात जाऊ लागले. दुकानात आणखी चार फळ्या होत्या, एक न बसणारं दार होतं आणि तराजूखालचं टेबल डुगडुगत होतं. हे संपल्यावरही ते जात राहिले. स्टूल होतं, हेडबाई होत्या, आणि फ्रीझरमधल्या डब्यातून अधूनमधून अर्धा चमचा मिळत होता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते घरी परतले तर बायको पिशवी रिकामी करत होती. पिशवीवर वीतभर अक्षरांत सुपरमार्केटचं नाव होतं.

"हे काय?" मोजणीदारांना धक्काच बसला. "तू तिकडे जायला लागलीस?"

"पंधरा दिवस झाले."

"बघ! मी म्हणत होतो ना, स्वस्त पडतं?"

"भाव बघितलेत कुणी!"

"मग कशाला गेलीस?"

बायकोने तांदूळ डब्यात ओतला, अंदाजानेच. "कोपऱ्यावर माझ्या स्टुलावर तुम्ही बसता. मग तुमच्याबद्दल बोलायचं तरी कुणाशी मी? तिकडे बिलावरची मुलगी चांगली आहे. गर्दी नसली की ऐकून घेते. फळीचं सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, एकदा घेऊन या ना त्यांना."

"मग? कधी जायचं?"

"अजिबात नाही," बायको म्हणाली.