सफरचंदाची एक फोड आणि तीस होकार

"यात चुकायला जागाच कुठे आहे?" मंगळवारी सकाळी प्रभारीसाहेब बायकोला म्हणाले. एखादा माणूस इतक्या खात्रीने बोलायला लागला की खुशाल समजावं, आता हा थाटामाटात तोंडावर आपटणार!

साहेब वजनमापे कार्यालयाचे प्रमुख. म्हणजे प्रभारी प्रमुख. सहा वर्षं खुर्ची त्यांची, केबिन त्यांची, बोलणी खायची पाळीही त्यांचीच. पण दारावरच्या पाटीवरचा 'प्रभारी' हा शब्द काही केल्या हलायला तयार नव्हता. दुकानादुकानांतले काटे तपासायचे, कमी भरलेलं वजन पकडायचं, हे त्यांचं काम. आणि स्वतःचं वजन एकशे अडतीस किलो! दुकानदार पाठ फिरताच फिदीफिदी हसायचे. शेवटी साहेबांनी मनावर घेतलं आणि पोट लहान करायची शस्त्रक्रिया करून घेतली. तीन महिन्यांत चौतीस किलो उतरले. ऑफिसात पोती तोलायचा मोठा काटा होता, त्यावर साहेब रोज सकाळी उभे राहायचे आणि हेडक्लार्क वहीत आकडा लिहायचे. दोन्ही निरीक्षकांना साक्षीला उभं राहावं लागे.

या तीन महिन्यांत खाणं म्हणजे आधी नुसतं पातळ, मग लगदा, मग मऊ. आता आहारतज्ज्ञ बाईंनी ताज्या फळांना आणि भाज्यांना परवानगी दिली होती. साल काढायची. एका वेळी एकच नवी गोष्ट, ती पोटाला मानवली तरच तीन दिवसांनी दुसरी. एकच लहानशी फोड, तीस वेळा चावायची. खाताना बोलायचं नाही, सगळं लक्ष घासाकडे. साहेबांनी त्या कागदाला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. मंगळवारी सफरचंद, शुक्रवारी गाजर!

"अहो, पहिली फोड घरीच खा ना," बायको म्हणाली. "मीही बसते समोर."

"छे! वेळ ठरलीये. दुपारी एक."

ती सफरचंद डब्यात घालायला वळली. तीन महिन्यांपूर्वी साहेबांनी घरात फर्मान काढलं होतं, की त्यांच्यासमोर कोणी काही खायचं नाही. तेव्हापासून ती बिचारी स्वयंपाकघराचं दार लावून ओट्याशी उभ्याने जेवत होती. काही कुरकुरीत खायचं झालं तर आधी नळ सोडायची.

ऑफिसातही फर्मान होतंच. 'साहेब खात असताना त्यांना बोलायला लावू नये. मान वरखाली हलली तर मंजूर, आडवी हलली तर नामंजूर. हेडक्लार्कने तत्काळ नोंद करावी. नोंदीत मागाहून बदल होणार नाही.' गेल्या तीन महिन्यांत ती मान एकदाही वरखाली हलली नव्हती!

आणि हा आठवडा तर भलताच नाजूक. शुक्रवारी मुख्यालयाच्या मोठ्या बाई तपासणीला येणार होत्या. सगळं नीट दिसलं तर पाटीवरचा 'प्रभारी' कायमचा पुसला जाणार होता. "शुक्रवारी एक जरी खुर्ची रिकामी दिसली तर याद राखा!" असा साहेबांनी सोमवारीच दम भरला होता.

मंगळवारी एकच्या ठोक्याला साहेबांनी फोड तोंडात टाकली. कर्रर्र! तीन महिन्यांनी दाताखाली काहीतरी कडक! त्यांचे डोळे आपोआप मिटले. कानात फक्त कर्रकर्र. बाहेर ढोल वाजले असते तरी ऐकू आले नसते. आता तीस मोजायचे कसे? बोटं तर दहाच. मग साहेबांनी मानेने ताल धरला. एक, दोन, तीन...

नेमक्या त्याच वेळी टायपिस्ट बाई आत आल्या. "साहेब, रागावू नका, पण शुक्रवारीच माझ्या बहिणीचं सामान हलवायचंय. एक दिवस रजा मिळेल का?"

मान हलली. वर, खाली. वर, खाली.

"खरंच साहेब?"

मान हलतच होती.

"अहो साहेब, एकदा हलवलीत तरी पुरे होतं हो!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी तिसाव्यांदा चावून घास गिळला आणि डोळे उघडले, तर समोर टायपिस्ट बाई डोळे पुसत उभ्या! माझी शिस्त पाहून बाई गहिवरल्या, असं वाटून साहेबांनाही जरा भरून आलं.

दारात उभ्या हेडक्लार्कांनी नियमाप्रमाणे नोंद केली. मग काय, पंधरा मिनिटांत बातमी ऑफिसभर! बुधवारी एक वाजता केबिनबाहेर रांग लागली. थोरल्या निरीक्षकांना शुक्रवारी मुलाच्या शाळेत जायचं होतं, धाकट्यांना मासे पकडायला, ड्रायव्हरला गाडीसकट गावाला. शिपायाने तर कारणही सांगितलं नाही. रांग होती म्हणून तोही उभा राहिला. एका घासात चार कामं उरकायला हवीत म्हणून सगळे घाईघाईने बोलत होते. गुरुवारी कोणाचं काही राहून जायला नको म्हणून प्रत्येकाने येताना एकेक सफरचंद आणलं.

"साहेब, अजून एक फोड घ्या ना!"

"नाही, नाही. एक म्हणजे एकच," साहेब म्हणाले. त्या रात्री मात्र बायकोला त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "माणसं जीव लावतात गं मला. टेबलावर सफरचंदांचा ढीग झालाय!"

शुक्रवारी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात शिरले आणि जागीच थिजले. सगळ्या खुर्च्या रिकाम्या! एका कोपऱ्यात हेडक्लार्क तेवढे वही उघडून बसलेले.

"बाकीचे कुठे मेले?"

"रजेवर आहेत, साहेब."

"कोणी दिली रजा?"

हेडक्लार्कांनी वही पुढे सरकवली. 'मंजूर. मान वरखाली हलली. एकूण वेळा : तीस.' पुढच्या ओळीत पुन्हा तीस. त्याखाली पुन्हा तीस!

"अहो, मी चावत होतो!" साहेब किंचाळले. "आणि मग तुम्ही का थांबलात?"

"नोंद करायला कोणीतरी हवं ना, साहेब. मी सोमवारपासून जातोय. पंधरा दिवस."

साहेब काही बोलणार तोच मोठ्या बाई दारात हजर! त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, सफरचंदांचा ढीग पाहिला, वही पाहिली. मग एकेक दप्तर तपासता तपासता एक वाजला आणि साहेबांचा गजर केकाटला.

"तुमची खाण्याची वेळ का?" बाई थंडपणे म्हणाल्या. "खा, खा. माझ्यामुळे पथ्य मोडू नका."

वरिष्ठांचा हुकूम! साहेबांनी गाजराची फोड तोंडात टाकली, पण आज डोळे आणि कान बाईंकडेच. एक, दोन...

"म्हणजे एवढ्या महत्त्वाच्या दिवशी सगळ्यांना रजा तुम्हीच दिलीत?"

साहेबांनी मान गपकन थांबवली. पण मान थांबली तसा आकडाही हरवला! आता? न चावता गिळलं तर छातीत अडकणार. बाईंसमोर थुंकायचं तरी कसं? झक मारत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी मान गच्च धरली, तर कमरेपासून सगळं अंगच डुलायला लागलं.

"आणि ही जबाबदारी तुम्हाला झेपत नाही, असं समजू?"

साहेब डुलत होते.

"मग आणखी तीन वर्षं प्रभारीच ठेवलं तर तुमची हरकत नाही ना?"

साहेबांनी जिवाच्या आकांताने मान आडवी हलवायला घेतली. पण इतक्या दिवसांची सवय! मान आधी वर गेली, मग खाली, आणि मग तिने ठरलेला ताल धरला. तीस वेळा चावून, घास गिळून "नामंजूर!" असं ओरडेपर्यंत बाई गाडीत बसल्या होत्या. हेडक्लार्कांनी नोंद केली.

संध्याकाळी साहेब घरी येऊन टेबलाशी बसले आणि सगळं बायकोला सांगून मोकळे झाले. एरवी ते स्वतःला कधी दोष द्यायचे नाहीत, पण आज म्हणाले, "माझंच चुकलं गं. सगळ्यांची तोंडं मीच बंद करून ठेवली होती."

बायको हसली नाही. तिने आतून स्वतःचं ताट आणलं. ताटात काकडीच्या जाड जाड चकत्या होत्या. ती त्यांच्या समोर बसली.

"आजपासून मी इथेच जेवणार. तुमच्यासमोर. आवाज करत. चालेल?"

साहेबांची मान वरखाली हलली.

तिने डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, आ करा बघू!"

साहेबांनी निमूटपणे आ केला. तोंडात काहीच नव्हतं.