दोन गाड्या आणि एक बॅटरी

प्रभुलिंगच्या ट्रकच्या केबिनमध्ये संसाराचं सगळं होतं. सीटमागच्या फळीवर अंथरूण, पायाशी स्टो, आरशाला अडकवलेला टॉवेल आणि डॅशबोर्डवर सिद्धेश्वराची तसबीर. अक्कलकोटकडच्या आपल्या गावी तो पाहुण्यासारखा जाऊन यायचा, बाकी मुक्काम इथंच. त्या रविवारी मात्र कुंभारीच्या पुढं, सिमेंट कारखान्याबाहेरच्या लाईनीत उभा असताना एक उणीव त्याला छळत होती. लॅपटॉपला पुरेल एवढी वीज केबिनमध्ये नव्हती. एरवी ढाब्यावरच्या प्लगवर भागायचं, पण आज गाडी लाईनीतून काढता येत नव्हती.

लॅपटॉप साधासुधा नव्हता, गेम खेळायचा होता. मुलानं, शरणबसवनं, म्हणजे घरच्या बसूनं, नवा घेतला तेव्हा जुना, आतली बॅटरी मेलेला, अप्पांना दिला होता. पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यापासून पोरगा फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडं जात नव्हता. पण या गेममध्ये दोघं आपापला ट्रक घेऊन एका रस्त्यानं निघाले, की त्याला कंठ फुटायचा. परीक्षा, मेसची आमटी, कुणाशी वाजलं, सगळं सांगायचा. दिवसभर ट्रक चालवून थकलेला माणूस संध्याकाळी पुन्हा ट्रकच चालवत बसतो, म्हणून बाकीचे ड्रायव्हर प्रभुलिंगला हसायचे. हसेनात का! पोराचं बोलणं कानावर पडत असेल तर तो बैलगाडीसुद्धा चालवायला तयार होता.

आज तर प्रसंग मोठा होता. वडील काय करतात असं कुणी विचारलं, की शरणबसव आजवर "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत" एवढंच पुटपुटायचा. परवा मात्र त्यानं हॉस्टेलच्या पोरांना छाती पुढं काढून सांगितलं होतं, "माझे अप्पा खरे ट्रकवाले आहेत. रविवारी संध्याकाळी खेळायला बोलावतो, बघाच." हे कळल्यापासून प्रभुलिंगला घास गोड लागत नव्हता. पोरानं इतक्या वर्षांनी बापाचं नाव मोठ्यानं घेतलं होतं. आज त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, बस्स.

लाईनीजवळच गुरप्पाचं बॅटरीचं दुकान होतं. प्रभुलिंग लॅपटॉप काखेत मारून तिथं गेला.

"गुरप्पा, डॅशबोर्डवर लावला तर फ्यूजच उडाला की रं. आता मोबाईल बी चार्ज व्हईना."

गुरप्पानं लॅपटॉपचा चार्जर हातात घेतला. वीटभर वजन होतं. "ह्याला लई ताकद लागती. इन्व्हर्टर पायजे. पण माज्याकडं हाय त्यो कारचा, बारा व्होल्टचा. तुजी गाडी चोवीसची."

"मग?"

"मग काय, दोन बॅटऱ्या हायत न्हवं तुज्या? एकीलाच जोडू. एका बैलावर वझं जरा जास्त पडंल, एवढंच."

"चालंल न्हवं?"

"इंजन चालू ठेव, मग चालंल."

वायरी जोडल्या, इंजिन सुरू केलं आणि लॅपटॉप झळकला. प्रभुलिंगनं तसबिरीला हात जोडले. ते हात खाली येतात न येतात तोच मोबाईल वाजला. गाडीचे मालक रुद्रप्पा शहरात सात रस्ता चौकातल्या ऑफिसात बसून आपल्या सगळ्या गाड्या मोबाईलवर बघायचे. कुठली चालू, कुठली बंद, सगळं त्यांना तिथं दिसायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"प्रभुलिंग, गाडी हलंना आन इंजन चालू? डिझेल काय तुजा मामा घालतो?"

"न्हाई मालक, ब्रेकच्या टाकीत हवा धरतोय जरा."

"धरली. बंद कर."

त्यानं इंजिन बंद केलं. घटकाभरात काय होतंय, असं मनाशी म्हणत त्यानं मोबाईलवरून लॅपटॉपला नेट दिलं, हेडफोन कानांवर चढवले आणि गेममध्ये शिरला. "नमस्कार काका!" असा पोरांचा गलका झाला. प्रभुलिंग लाजला, आणि त्या लाजण्यातच त्यानं पहिला टोलनाका पाडला. पलीकडं हशा पिकला.

"अरे, हसताय काय? स्टिअरिंग कुठंय त्यांच्याकडं, बटणं दाबून चालवतायत ते," शरणबसव म्हणाला.

पोरगा आपली बाजू घेतोय हे ऐकून प्रभुलिंगचा ऊर भरून आला. मग मात्र त्यानं गाडी नीट धरली. घाट उतरताना खऱ्या घाटातल्या गोष्टी सांगू लागला, आणि पोरं गप्प होऊन ऐकू लागली. मध्येच इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याची बारीक शिट्टी मारायला लागला, आणि मागून हॉर्न.

"अप्पा, हॉर्न कोण वाजवतंय?"

"तुजी पोरं न्हवं?"

"नाही, आमच्यातलं कुणी नाही."

"मग गेमातच असंल. लई खरा आवाज काढलाय की! थांब, बाजूला घेतो. जाऊ द्या बिचाऱ्याला, घाई असंल."

त्यानं गेममधला ट्रक अदबीनं कडेला घेतला. हॉर्न थांबेनात, उलट वाढले. तेवढ्यात केबिनचं दार कुणीतरी धडाधडा बडवलं. मागच्या गाडीवरचा जोतिराम होता, सांगोल्याचा.

"ए मुडद्या! लाईन हलली की! गेटवाला बोंबलतोय, मागं गाड्या तटल्यात, आन तू कानाला डबडी लावून बसलायस व्हय?"

प्रभुलिंगनं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. त्याच्या पाचावर धारण बसली. जोतिरामनं वायरींचा माग काढत बॅटरीपर्यंत जाऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"एकीलाच जोडलीस? आरं शाण्या, ती मेली की दुसरी एकटी काय करणार? हिनं गाडी उठतीया व्हय?"

बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले. जो तो आत डोकावून लॅपटॉप बघायचा आणि एक शिवी हासडून जायचा. प्रभुलिंग हळूच पोराला म्हणाला, "बसू, हितली गाडी बंद पडली रं. खरीखुरी." एवढं बोलला आणि लॅपटॉपही विझला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही सगळी बोंबाबोंब पोरांनी ऐकली असणार. खरा ट्रकवाला म्हणून ज्याची ओळख करून दिली, त्याला आपलीच गाडी सुरू करता येत नव्हती. शरणबसव आता पुन्हा "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत" वर येणार, याचं त्याला फार वाईट वाटलं. जोतिरामनं शिव्या देत देतच आपली गाडी शेजारी आणली, दोन्हीच्या बॅटऱ्यांना केबल जोडल्या, आणि बऱ्याच खटपटीनंतर इंजिन धडधडलं.

मोबाईल वाजला. शरणबसव होता.

"अप्पा, चालू झाली का?"

"झाली. बसू, तुज्या पोरांपुढं..."

"अहो, गेम केव्हाच सोडला आम्ही, तुमचंच ऐकत होतो! नेमका मोक्याला आवाज गेला. ते मुडद्या म्हणणारे काका कोण?"

"जोतिराम."

"भारी आहेत! आता काय करताय?"

"आता? आता गाडी गेटातनं आत घ्यायची. मग वजनकाट्यावर."

"मग फोन ठेवू नका. आम्हाला ऐकायचंय सगळं."

प्रभुलिंगनं स्पीकर लावून फोन तसबिरीला टेकवून उभा केला. एरवी या पोराशी दोन वाक्यांत बोलणं संपायचं आणि तिसरं काय बोलावं ते सुचायचं नाही. आज सुचायची गरजच नव्हती. पण लॅपटॉपला नेट पुरवून फोन शेवटच्या घटका मोजत होता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"जोतिराम! तुजी पॉवर बँक दे की जरा!"

"आता माजी बी बॅटरी खा, भाड्या!" असं ओरडत जोतिरामनं ती खिडकीतून वर दिली. फोनमधून पोरांचा जल्लोष उसळला. त्या हसण्यात शरणबसवचं हसणं प्रभुलिंगला वेगळं ओळखू आलं.

"काका, तुमचा हॉर्न ऐकवा की एकदा!" एक पोरगा म्हणाला.

समोर गेटावर 'हॉर्न वाजवू नये' अशी हातभर पाटी होती. प्रभुलिंगनं ती वाचली आणि लांबलचक हॉर्न दिला. वॉचमन काठी उगारून शिव्या देत केबिनकडं धावला. प्रभुलिंगनं फोन उचलून खिडकीबाहेर धरला, म्हणजे पोरांना नीट ऐकू यावं.